गोट्या जिंकाव्यात आणि परत द्याव्यात

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, सुरगाणा येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गोट्या' हा विषय वाचून मागच्या रांगांत हशा पिकला, तो माझ्या कानांवर आला. हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्या मराठी भाषेनेच या खेळाला हलके लेखले आहे. मुलगा नापास झाला की बाप विचारतो, "शाळेत काय गोट्या खेळायला जातोस?" आणि एखाद्या कारभाऱ्याच्या अनुभवाविषयी कोणी शंका काढली की तो म्हणतो, "इतकी वर्षे आम्ही काय गोट्या खेळलो?" ना. धों. ताम्हनकरांनी आपल्या एका गुणी बालनायकाला 'गोट्या' हे नाव दिले, तेवढाच काय तो या शब्दाला मिळालेला मान.

पण आज मी इथे उभा आहे तो विनोद करायला नव्हे. पुढच्या मेळाव्यात धावणे, संगीत खुर्ची, वक्तृत्व यांच्या जोडीने गोट्यांची स्पर्धा ठेवावी आणि ती फक्त मुलांची न ठेवता सर्व वयांच्या माणसांची ठेवावी, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे मांडली होती. कार्यकारिणीने ती मान्य केली. त्यानंतर काही पालकांचा निरोप आला की गोट्या म्हणजे जुगार, आणि तालीम देणाऱ्या संस्थेने जुगाराची स्पर्धा भरवू नये. ही हरकत मला रास्त वाटते. तिला उत्तर दिल्याशिवाय ही स्पर्धा होऊ नये असेही मला वाटते. म्हणून हे भाषण.

आधी खेळाविषयी दोन शब्द. आपला सुरगाणा तालुका डोंगरातला, गुजरातच्या हद्दीला लागलेला. पाऊस एवढा की चार महिने अंगण म्हणजे नुसता चिखल. भात-नागलीची कापणी उरकली, जमीन वाळून टणक झाली, की गोट्यांचा हंगाम सुरू होतो. तो कोणी जाहीर करीत नाही. एके दिवशी एका मुलाच्या खिशातून खुळखुळ आवाज येतो आणि आठवड्याच्या आत गल्लोगल्ली मुले जमिनीत टाच फिरवून खळगे करताना दिसू लागतात. त्या खळग्याला कोणी गल म्हणतात, कोणी बदी. घरात आपण ज्यांना कंचे म्हणतो त्यांना बाहेर गोट्या म्हणतो, एवढाच भाषेचा फरक. त्या खळग्याभोवती कोकणा, वारली, महादेव कोळी अशा घरांतली मुले आणि आपली मुले मांडीला मांडी लावून बसतात. तिथे ज्याचा नेम चांगला तो मोठा, इतर कोणतीही मोजपट्टी तिथे चालत नाही.

खेळाचे प्रकार पुष्कळ आहेत आणि नियम गल्लीगणिक बदलतात. रिंगण आखून त्यात गोट्या मांडायच्या आणि दुरून मारून बाहेर काढायच्या, हा एक. दुसरा खळग्याचा. मूठभर गोट्या खळग्याच्या दिशेने फेकायच्या. आत पडतील त्या आपल्या. बाहेर राहिलेल्यांपैकी समोरचा बोट दाखवील ती एकच गोटी टिपायची, दुसरीला धक्का लागला तर डाव गेला. आणि तिसरा एकलमखाजाचा, ज्यात प्रत्येक नेमाबरोबर एकापासून पुढचे आकडे खास नावांनी मोजत जायचे. ती नावे ज्यांना पाठ आहेत असे कितीतरी पांढऱ्या दाढीचे लोक मला या सभेत दिसत आहेत. विद्यार्थ्यांनी घरी गेल्यावर आपल्या दादांना किंवा नानांना ती विचारावीत.

गोटी मारण्याची आपली पद्धतही पाहण्यासारखी आहे. डाव्या हाताचा अंगठा जमिनीवर रोवायचा, मधल्या बोटाच्या टोकाशी गोटी धरायची, उजव्या हाताने ते बोट धनुष्यासारखे मागे ताणायचे आणि सोडायचे. इंग्लंड-अमेरिकेतली माणसे एकाच हाताने, मुठीत गोटी धरून अंगठ्याने उडवतात. आपली पद्धत तिरंदाजीच्या जवळची आहे. मुलगा एक डोळा किलकिला करून बोट ताणतो तेव्हा त्याचा श्वास रोखलेला असतो, हे कोणीही जवळून पाहावे.

हा खेळ किती जुना आहे? हडप्पा आणि मोहेंजोदडो येथील उत्खननात दगडाच्या आणि भाजलेल्या मातीच्या गोट्या सापडल्या आहेत. काचेची गोटी त्या मानाने कालची. जर्मनीतल्या लाउशा या काचकामाच्या गावी १८४६ साली गरम काच कापून गोल करण्याची एक खास कात्री निघाली, तेव्हापासून त्या मोठ्या संख्येने बनू लागल्या. पुढे अमेरिकेत अ‍ॅक्रन शहरी ख्रिस्तेन्सेन नावाच्या कारागिराला १९०५ साली गोट्यांच्या यंत्राचे पेटंट मिळाले आणि गोटी स्वस्त झाली. आपल्याकडे मुलांच्या हातात आलेली आणखी एक गोटी म्हणजे गोटी सोड्याच्या बाटलीतली. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास बनवली. आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडाशी घट्ट बसते, बूच लागत नाही. कल्पना उत्तम होती, पण इंग्लंडातली मुले गोटीसाठी बाटल्याच फोडू लागली. आपल्या बाजारातल्या सोडावाल्यांना हे सांगायला नको.

आता त्या हरकतीकडे येतो.

काचेच्या गोट्या नव्हत्या तेव्हा जगभरची मुले फळांच्या बियांनी आणि कवचांनी हाच खेळ खेळत. रोमन मुले अक्रोडांनी खेळत. इतकी की 'अक्रोड सोडणे' हा त्यांच्या लॅटिन भाषेत बालपण संपल्याचा वाक्प्रचार झाला. अरबस्तानातली मुलेही अक्रोडांनी खेळत, आणि जिंकलेला अक्रोड जिंकणाऱ्याचा होत असे. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत शराबबरोबर जुगाराला मनाई आहे, हे आपल्या प्रत्येक मुलाला मदरशात शिकवलेले असते. इब्ने कसीर यांनी त्या आयतीच्या तफसीरमध्ये अता, मुजाहिद आणि ताऊस या जुन्या बुजुर्गांचे मत दिले आहे. त्याचा आशय असा की ज्यात ज्यात बाजी लागते ते सारे जुगारात मोडते, मुलांचा अक्रोडांचा खेळसुद्धा. म्हणजे ज्या पालकांनी निरोप पाठवला त्यांचे म्हणणे आजचे नाही. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी जाणत्यांनी ते मांडून ठेवले आहे, आणि तेही नेमके याच खेळाचे नाव घेऊन. मी मुफ्ती नाही, शाळामास्तर होतो. पण मला त्या वाक्यात जे दिसते ते असे की आक्षेप अक्रोडावर नाही, नेमावर नाही, हरण्या-जिंकण्यावरही नाही. आक्षेप आहे तो हरणाऱ्याची वस्तू जिंकणाऱ्याने खिशात घालण्यावर.

आणि हा आक्षेप किती खरा आहे, हे ज्याने वर्गात पंचवीस वर्षे काढली त्याने सांगावे. गल्लीतली मुले खेळ सुरू करण्यापूर्वी विचारतात, "खऱ्याची की खोट्याची?" खोट्याची म्हणजे खेळ संपल्यावर ज्याच्या गोट्या त्याला. खऱ्याची म्हणजे गेली ती गेली. मी शिकवीत असलेल्या एका गावी एक मुलगा होता. नेम असा की दहा पावलांवरून सांगितलेली गोटी उडवावी. त्याने एका हिवाळ्यात साऱ्या मोहल्ल्याच्या गोट्या जिंकल्या. तांदळाचा पत्र्याचा डबा तोंडापर्यंत भरला. सुरुवातीला मुले घरून पैसे मागून नव्या गोट्या आणीत. मग मागून मिळेनात तेव्हा एकाने आपल्या दादीच्या पदराच्या गाठीतले पैसे सोडले. दोन घरांत भांडण झाले, बायकांचे बोलणे बंद झाले. आणि तो जिंकणारा? त्याच्याशी खेळायला कोणी उरलेच नाही. तो संध्याकाळी ओट्यावर डबा घेऊन बसे आणि एकटाच गोट्या मोजी. ज्याच्याइतका हा खेळ कोणाला येत नव्हता, त्यालाच खेळ राहिला नाही.

शेवटी त्याच्याच दादीने तो डबा अंगणात उपडा केला, मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांना बोलावले आणि प्रत्येकाला वीस-वीस गोट्या मोजून दिल्या. नातवाला म्हणाली, "आता रोज जिंक आणि रोज मगरिबला परत कर." मुलगा दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी खेळायला गेला. मी हे सांगतो ते दादीचे कौतुक म्हणून नव्हे, जरी ती कौतुकाला पात्र होती. मला त्यात दिसले ते हे, की परत देण्याचा नियम लावल्यावर त्या मुलाचा नेम काही कमी झाला नाही. जिंकण्याची ईर्ष्याही कमी झाली नाही. फक्त हरणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी यायला कारण मिळाले.

काही पालक म्हणतील, परत द्यायच्या असतील तर मुले मन लावून खेळणार नाहीत. या शंकेचे उत्तर शोधायला जरा दूर जावे लागेल, कारण गोट्यांच्या मोठ्या स्पर्धा जिथे वर्षानुवर्षे भरतात ती ठिकाणे आपल्यापासून दूर आहेत.

अमेरिकेत १९२२ पासून गोट्यांची राष्ट्रीय स्पर्धा होते, आता ती न्यू जर्सी राज्यात वाइल्डवुड या समुद्रकाठच्या गावी भरते. स्पर्धक शाळकरी वयाचे असतात. दहा फूट व्यासाचे रिंगण, मध्ये फुलीच्या आकारात तेरा गोट्या. जो सात गोट्या आधी बाहेर काढील तो जिंकला. मुलींसाठी १९४८ पासून वेगळा विजेतेपदाचा गट आहे. त्या देशातही या खेळावरून आई-बाप, शिक्षक आणि पाद्री यांची तीच तक्रार होती जी आपली आहे. तिथल्या मुलांच्या तोंडीही खऱ्याची आणि खोट्याची यांना दोन शब्द होते. आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या खेळाच्या नियमांत स्पष्ट लिहिले गेले की सर्व डाव खोट्याचे, प्रत्येक डावानंतर गोट्या मालकाला परत. तरी मुले वर्षभर सराव करून येतात. म्हणजे मन लावायला मालकी लागत नाही.

दुसरे ठिकाण इंग्लंडमधले टिन्स्ली ग्रीन. लंडनच्या दक्षिणेला ससेक्स परगण्यातले हे खेडे. तिथे १९३२ पासून ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, गोट्यांची जागतिक स्पर्धा भरते. ती एका मद्यालयाच्या अंगणात भरते, तेवढे आपण सोडून देऊ. त्यातले घेण्यासारखे वेगळेच आहे. सहा फुटांचे रिंगण, वाळू पसरलेले. त्यात एकोणपन्नास गोट्या. सहा-सहा खेळाडूंचे दोन संघ. जो संघ पंचवीस गोट्या आधी बाहेर काढील तो जिंकला. पहिला डाव कोणाचा हे ठरवायला नाणे उडवीत नाहीत. दोन्ही कर्णधार गोटी नाकाशी धरून खाली सोडतात, ज्याची रेषेजवळ पडेल त्याचा डाव पहिला. आणि खेळणारे कोण? शाळकरी मुले नव्हेत. शेतमजूर, कारागीर, निवृत्त माणसे. जॉर्ज मेनार्ड नावाचा एक म्हातारा होता, जुनी लोकगीते गाण्यासाठीही तो त्या भागात प्रसिद्ध होता. १८७२ चा जन्म. त्याच्या संघाने १९४८ साली ही स्पर्धा जिंकली तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता आणि संघाचा कर्णधार होता. शहात्तर! आपल्याकडे साठी आली की माणसाला आपण ओट्यावरच्या खुर्चीत बसवतो आणि वर्तमानपत्र हातात देतो.

पण सगळीच उदाहरणे सातासमुद्रापलीकडची नकोत. आपल्या गडचिरोली-गोंदियाच्या पलीकडे छत्तीसगड राज्य आहे. तिथे ६ ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने 'छत्तीसगढिया ऑलिंपिक' नावाने गावठी खेळांचे सामने सुरू केले, ते जानेवारी २०२३ पर्यंत चालले, आणि २०२३ सालीही पुन्हा भरले. पहिल्या वर्षी चौदा खेळ होते. गिल्लीदांडू, भोवरा, फुगडी, लंगडी, आणि त्यात गोट्याही होत्या. त्यांच्या भाषेत बांटी. वयाचे गट तीन केले होते, अठरापर्यंत, अठरा ते चाळीस आणि चाळीसच्या पुढे. स्त्रिया आणि पुरुष दोघेही. गावपातळीवर जिंकलेला पुढे जात जात थेट राज्यपातळीपर्यंत पोहोचत असे. छत्तीसगडचा मोठा भाग आपल्यासारखाच जंगलाचा आणि आदिवासींचा. चाळिशीपुढची बाई रिंगणाशी गुडघा टेकून नेम धरते आहे आणि तिची सून कडेला उभी राहून टाळ्या वाजवते आहे, हे जर तिथे शोभते तर सुरगाण्यात का शोभू नये?

इथे मी एक घरची गोष्ट सांगतो. आम्हा भावंडांत सर्वांत चांगला नेम माझ्या मोठ्या आपाचा होता. ती बारा वर्षांची झाली आणि घरात कोणीतरी म्हणाले, आता मोठी झालीस, गोट्या पुरे. तिने गोट्या मला देऊन टाकल्या. सागरगोटे मात्र चालत होते, कारण ते मुलींचे. आता यात मुलीचे काय आणि मुलाचे काय? सागरगोटा वर उडवून झेलणारा हात आणि गोटी टिपणारा हात एकच. मला त्या रोमन वाक्प्रचाराची आठवण यासाठी झाली. अक्रोड सोडले म्हणजे मोठे झाले. पण अक्रोड सोडल्यावर हातात काय घ्यायचे हे कोणी सांगत नाही. पुरुषांना निदान चावडी आहे, पत्ते आहेत, आता मोबाईल आहे. बायकांना तेही नाही. आपण जेव्हा म्हणतो की मुले आपल्याशी बोलत नाहीत, मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात, तेव्हा मुलाबरोबर जमिनीवर बसून करण्यासारखे आपल्याकडे काय आहे, हाही प्रश्न विचारावा. अभ्यास घेणे वेगळे, त्यात आपण वर असतो आणि मूल खाली. गोट्यांत बाप हरू शकतो. दहा वर्षांच्या मुलाने बापाला हरवणे ही त्या मुलाच्या आयुष्यातली केवढी घटना असते, हे ज्या बापांनी अनुभवले आहे त्यांना ठाऊक आहे.

शिक्षक मंडळींसाठी एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण वर्षानुवर्षे मी तिचा वर्गात उपयोग केला. नेहमीची गोटी सोळा मिलिमीटर व्यासाची असते, वजन सुमारे साडेपाच ग्रॅम. मोठी गोटी पंचवीस मिलिमीटरची. मुलांना विचारा, ती किती जड? बहुतेक मुले दीडपट म्हणतील. प्रत्यक्षात ती वीस ग्रॅमच्या घरात, म्हणजे पावणेचार पट भरते. किराणा दुकानातल्या तराजूवर दाखवा. घनफळाचे सूत्र फळ्यावर जे सांगता आले नाही ते मूल तिथे समजते, आणि मोठी गोटी आणणाऱ्याशी खेळू नये हेही समजते. तसेच टकरीचे. सारख्या वजनाच्या दोन गोट्या बरोबर मध्यावर समोरासमोर आपटल्या की मारणारी जवळजवळ जागीच थांबते आणि समोरची तिचा वेग घेऊन जाते. टिन्स्ली ग्रीनच्या खेळात याच गोष्टीवर सारे अवलंबून असते. समोरची गोटी रिंगणाबाहेर गेली आणि आपली आत राहिली, तर पुन्हा आपलाच डाव. चांगला खेळाडू जोरात मारणारा नसतो, थांबवता येणारा असतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला संवेगाचा धडा मुले नाइलाजाने वाचतात, तोच धडा ती संध्याकाळी अंगणात स्वतःहून गिरवीत असतात.

आता आपली स्पर्धा कशी असेल ते सांगतो, म्हणजे हरकत घेणाऱ्यांना तपासून पाहता येईल.

प्रवेश फी घेतली जाणार नाही. फी गोळा करून त्यातूनच बक्षीस देणे म्हणजे पुन्हा तीच बाजी झाली. बक्षीस संस्था देईल, आणि ते वह्या-पुस्तकांचे असेल. याबाबतही ज्यांना शंका असेल त्यांनी मौलानासाहेबांना जरूर विचारावे, त्यांचा शब्द मला मान्य राहील. गोट्या संस्थेच्या. सगळ्या सोळा मिलिमीटरच्या, एकाच पेटीतून काढलेल्या, आणि डाव संपला की पेटीत परत. कोणीही घरून गोटी आणू नये, कितीही लाडकी असली तरी. कडेला उभे राहून पैज लावणाऱ्याला मैदानाबाहेर काढले जाईल, मग तो कोणत्याही वयाचा आणि कोणाचाही पाहुणा असो. हे मी विशेष जोर देऊन सांगतो, कारण मुले जुगार बहुधा आपल्या हाताने शिकत नाहीत, बघणाऱ्यांकडून शिकतात.

हरणाऱ्याला कोपराने गोटी ढकलत न्यायला लावणे, किंवा मूठ जमिनीवर ठेवायला लावून बोटांच्या गाठींवर गोट्या मारणे, हे प्रकार आपल्या गल्ल्यांत चालतात. माझ्या बोटांवर त्याच्या खुणा आहेत. ते इथे चालणार नाहीत. मारताना हात पुढे सरकवणे हा दोष मानला जाईल. टिन्स्ली ग्रीनलाही तो दोषच आहे, रडीचा डाव सगळीकडे सारखाच असतो. रिंगण सहा फुटांचे, मातीत. शाळेच्या पुढच्या अंगणात आता पेव्हर ब्लॉक बसले आहेत. ते दिसायला चांगले, पण त्यांवर गोटी वेड्यासारखी उड्या मारते. म्हणून मागची मोकळी जागा पाणी मारून, धुम्मसाने चोपून तयार करायची आहे. दोन रविवारचे काम आहे, आणि मोठ्या मुलांनी ते अंगावर घेतले आहे.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पाटावर किंवा बुटक्या चौरंगावर बसून खेळावे, फक्त हात जमिनीला टेकला पाहिजे. कोणी म्हणाले, मग तो खेळ कसला? अहो, ज्यांना सजदा जमत नाही त्यांची नमाज खुर्चीवर होते, तर गोट्यांना पाट का चालू नये? उलट एक सक्ती मात्र आहे. तीन वर्षांखालच्या बाळांना रिंगणाजवळ आणायचे नाही. गोटी त्यांच्या घशात अडकू शकते. घरीही खेळ झाल्यावर गोट्या मोजूनच डब्यात ठेवाव्यात, एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत झोपू नये.

वेळ असरच्या नमाजनंतर, मगरिबच्या अजानपूर्वी संपेल असा. खेळाच्या नादात अजान ऐकू आली नाही ही तक्रार मला यायला नको आहे. आणि एरवीही त्या प्रकाशात गोटी छान दिसते.

पंच म्हणून आम्ही प्रत्येक रिंगणाला एक पालक नेमणार आहोत. त्यांच्यासाठी सहीह बुखारीतली एक गोष्ट सांगतो. अस्लम कबिल्याचे लोक तिरंदाजीचा सराव करीत होते. पैगंबरसाहेब तिथून जात असता थांबले, त्यांना उत्तेजन दिले आणि एका बाजूचे नाव घेऊन म्हणाले की मी यांच्याबरोबर आहे. तेव्हा दुसऱ्या बाजूने हातातले बाण खाली केले. का थांबलात, असे विचारल्यावर ते म्हणाले, आपण त्यांच्या बाजूने असताना आम्ही बाण कसे सोडावेत? मग पैगंबरसाहेबांनी सांगितले, चालवा, मी तुम्हा सर्वांबरोबर आहे. नेमाच्या खेळाकडे मोठ्या माणसाने कसे पाहावे हे याहून वेगळे मला सांगता येणार नाही. आपल्या मुलाच्या रिंगणाला त्याचा बाप पंच असणार नाही, एवढी काळजी आम्ही घेतली आहे. पण कडेला उभ्या असलेल्या आई-बापांनीही शेजारच्या मुलाच्या चांगल्या नेमाला 'माशाअल्लाह' म्हणायला हरकत नाही.

गट चार आहेत. चौदा वर्षांपर्यंत, पंधरा ते पस्तीस, छत्तीस ते पन्नास आणि त्यापुढे. प्रत्येक गटात मुलगे-पुरुष वेगळे आणि मुली-स्त्रिया वेगळ्या. स्त्रियांची रिंगणे शाळेच्या मागच्या भिंतीच्या आत राहतील आणि तिथे पंच शिक्षिका असतील. शिवाय एक जोडीचा सामना आहे. त्यात एक जण चौदाच्या आतला आणि दुसरा पन्नाशीपुढचा हवा, नाते कोणतेही चालेल, नसले तरी चालेल. ज्यांच्या घरी म्हातारे माणूस नाही त्या मुलांनी शेजारचे आणावे.

नावे पुढच्या शुक्रवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. मुलांच्या गटाची यादी भरत आली आहे. स्त्रियांच्या गटात अजून जागा आहेत, तिकडे माता-भगिनींनी लक्ष द्यावे. माझ्या आपाचे नाव मी तिला न विचारता लिहून आलो होतो. तिने काल निरोप पाठवला की नाव राहू दे, पण पाट घरून आणीन, शाळेचे उंच असतात.